वन्सं आणि वाढीचं वर्ष

या शहरात ज्याला ज्याला म्हणून पुस्तक हातात धरता येतं, त्या प्रत्येकाला आमच्या वन्सं आयुष्यात एकदा तरी रागावलेल्या आहेत, आणि त्या काय म्हणून रागावल्या हे त्यांतल्या एकालाही ऐकू आलेलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. 'राहून गेलं' असं त्या म्हणतात, जसं एखाद्या सभासदाचं पुस्तक परत करायचं राहून जावं. मी लग्न होऊन छावणीजवळच्या या घरात आले तेव्हा त्या शहरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होत्या, आणि परवापरवापर्यंत होत्या. वाचनालयाचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. सगळी हयात 'शांतता राखा' या पाटीखाली गेल्यामुळं त्यांचा आवाज जो एकदा खाली बसला तो घरी आल्यावरही वर येईना. खाली गॅसवाला हाका मारून थकायचा आणि वन्सं गॅलरीतून कुजबुजत त्याला 'वर या' म्हणायच्या. बिचारा सिलिंडर घेऊन परत जायचा. एकदा मी चहा गाळत असताना त्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि दूध उतू जातंय हेसुद्धा कुणी इतक्या हळू सांगणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "माधवी, मोरीत साप आहे." मला 'मोरी'एवढंच ऐकू आलं. मी म्हटलं, "घासते नंतर, बसा तुम्ही." त्या खरंच बसल्या, चहा प्यायल्या, आणि मग पुन्हा तेच म्हणाल्या. तोवर साप आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या पोटानं, निघून गेला होता.

बहीण-भावाची भांडणंही याच पट्टीत व्हायची. ह्यांना मोठ्यानं बोलायची सवय, पण समोरचं माणूस कुजबुजायला लागलं की आपलाही आवाज आपोआप उतरतो. दोघं जमिनीच्या वाटणीवरून हातवारे करत भांडायची आणि शेजारच्या काकू मला विचारायच्या, "तुमच्याकडे रोज संध्याकाळी कसलं पारायण चालतं गं?"

लोकांना वाटतं, ग्रंथपाल बाई म्हणजे घरी डाळी-तांदळाचे डबेसुद्धा क्रमानं लावत असतील. छे! स्वयंपाकघरात त्यांना इतक्या वर्षांत मीठ सापडलेलं नाही. त्यांची सगळी अक्कल वाचनालयाच्या टेबलापाशी सुरू व्हायची आणि तिथंच संपायची. तिथं मात्र त्यांचं वेगळंच शास्त्र होतं. परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्या आधी हुंगायच्या. मग समोरच्याकडं चष्म्यावरून बघत कुजबुजायच्या, "लोणच्याच्या बरणीजवळ ठेवलं होतं." किंवा, "तुमच्याकडं कुणी आजारी आहे का? बामचा वास येतोय." माणूस आधी चिडायचा, मग वाकून कान पुढं करायचा, मग त्याच वाकलेल्या अवस्थेत घरातल्या आजाऱ्याची हकिकत सांगायला लागायचा. रांग खोळंबायची. रांगेतले लोकही वाकायचे, कारण वन्संचे प्रश्न ऐकू येत नसले तरी उत्तरं ऐकण्यासारखी असायची.

पुस्तक कुणाला कोणतं द्यायचं हेही त्या स्वतःच ठरवायच्या. हसतमुख, खुशालचेंडू माणूस आला की त्याला रडवणारी कादंबरी. "ह्याचं काही नुकसान होत नाही," त्या म्हणायच्या. आणि ज्याच्या घरात नुकतं कुणी गेलंय त्याला पाककृतींचं पुस्तक. एक गृहस्थ बायको गेल्यावर महिन्याभरानं मृत्यूवरचं काहीतरी मागायला आले होते. वन्संनी त्यांच्या हातात रोजच्या स्वयंपाकाचं पुस्तक ठेवलं. "ते नंतर न्या. आधी आमटी शिका." गृहस्थ रागानं लाल झाले, पण पुस्तक घेऊन गेले. पुढं एकदा डबा घेऊन आले. आमटी इतकी खारट होती की घशाखाली उतरेना. वाचनालयात खायला सक्त मनाई असल्यामुळं वन्संनी ती धर्मग्रंथांच्या कपाटामागं उभं राहून, एकही घोट न टाकता संपवली आणि येऊन म्हणाल्या, "पुढच्या वेळी भाकरीपण आणा."

अशा आमच्या वन्सं. आणि त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष हे नेमकं वाचनालयाच्या वाढीचं वर्ष ठरलं.

वाचनालयाला नवे अध्यक्ष मिळाले होते. उमद्या मनाचा, गडगडाटी आवाजाचा माणूस. त्यांनी पहिल्याच बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं, "बाई, एका इमारतीनं काय होतंय? शहर पसरलं चारी बाजूंनी. जाळं पाहिजे, जाळं!" वन्सं काहीतरी पुटपुटल्या. अध्यक्षांनी 'अगदी बरोबर' म्हणून मान डोलावली. त्या म्हणाल्या होत्या, "जाळ्यात कोण अडकतं तेही बघावं लागेल." हे त्यांनी मला घरी येऊन सांगितलं, आणि मग स्वतःच गालातल्या गालात हसल्या. पण खोटं कशाला बोलू, त्या वर्षी मी वन्संना जेवढं उत्साहात पाहिलं तेवढं कधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीला आलेली बाई सकाळी भाकरीचा तुकडा तोंडात धरून चपला शोधत निघायची.

छावणीत शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक शाखा निघाली. तिथं रविवारी मुलांना गोष्टी सांगायचं वन्संनी स्वतःकडं घेतलं. मी म्हटलं, झालं, मुलं पळून जाणार. पण त्या कुजबुजत गोष्ट सांगायला लागल्या आणि मुलं पुढं सरकत सरकत त्यांच्या पदराला येऊन चिकटली. वाघ कुजबुजत यायचा, राक्षस कुजबुजत डरकाळी फोडायचा, आणि त्या दोन खोल्यांत पोरांचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. आया म्हणायच्या, घरी आल्यावरही तासभर हळू बोलतात हो, रोज ठेवा ना गोष्ट.

दुसरी शाखा पडेगावला, नव्या वसाहतीत पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या एका खोलीत. तिथं मात्र कुणी फिरकेना. एक मेंढरं राखणारी बाई तेवढी यायची. मेंढरं बाहेर उभी करून दारातूनच सांगायची, "लाल पुस्तक द्या बाई. मागलं लाल सुनंला लई आवडलं." सून दहावी शिकलेली, बाहेर पडायला सवड नाही. सासूला वाचता येत नाही, म्हणून रंगावर कारभार. वन्सं लाल पुठ्ठ्याची पुस्तकं देत गेल्या. "तुम्हाला सांगते का सून वाचून?" "व्हय तर! भाकरी थापता थापता सांगती. त्या गोष्टीतली बाई नांदायला गेली का नाय, त्याचाच घोर लागलाय मला." लाल पुस्तकं संपत आली तेव्हा वन्संनी रउफभाईंना लाल कागद आणायला लावला आणि घरी बसून चांगल्या चांगल्या कादंबऱ्यांना लाल वेष्टणं चढवली. रउफभाई म्हणजे वाचनालयाचे जुने शिपाई. त्याच वर्षी आलेल्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर त्यांना चालक केलं होतं. ती गाडी पडेगाव करून पुढं दौलताबादच्या रस्त्यावरच्या गावांना जायची.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे अभ्यासिका. इथून सगळं बिघडलं.

मुख्य वाचनालयात खाली मोठ्या खिडक्यांचा एक वर्तमानपत्रांचा हॉल होता. सकाळी दार उघडायच्या आधीपासून पायरीवर म्हातारे येऊन बसायचे. पेन्शनर मंडळी. एक एक पेपर चौघांत वाटून, मधलं पान कुणाकडं यावरून रुसवेफुगवे करून, दुपारी खुर्चीतच मान टाकून झोपून, उन्हं उतरली की घरी जायची. त्यांत देवळाणकर काका आणि काझीसाहेब ही जोडी मुख्य. काका जमाबंदी कचेरीतून निवृत्त झालेले. ते पेपर अग्रलेखापासून निविदा-सूचनांपर्यंत ओठ हलवत वाचायचे. काझीसाहेब पोस्टातले, पेपर वरवर चाळायचे आणि काकांच्या हातातला मिळायची वाट बघत बसायचे. "देवळाणकर, तुम्ही बातमी वाचता का पाठ करता?" हे त्यांचं रोजचं वाक्य, आणि त्यावर वन्संनी टेबलावर पेन्सिल वाजवणं हेही रोजचं.

त्याच वाचनालयाच्या जिन्यात, पार्किंगमध्ये, झाडाखाली स्पर्धा परीक्षांची पोरंपोरी बसायची. गावाकडून आलेली, एका खोलीत पाचपाच जण राहणारी. वन्संना त्यांच्याकडं बघवायचं नाही. एक मुलगी जिन्याच्या वळणावर, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय चुकवत, उभ्यानं वाचायची. अभ्यासिकेसाठी जागा कुठली द्यायची असा विषय बैठकीत निघाला तेव्हा हॉल द्या असं अध्यक्ष म्हणाले नाहीत, कुणीच म्हणालं नाही. वन्सं म्हणाल्या. त्या दिवशी म्हणे सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

हॉल रंगवला, टेबलांना मध्ये फळ्या लावून कप्पे केले, दिवे बसवले. पोरं अशी दाटीवाटीनं बसली की बघून डोळ्यांत पाणी यावं. म्हाताऱ्यांसाठी वन्संनी बाहेर व्हरांड्यात, सायकलींच्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. फेब्रुवारीत बरं वाटलं. मार्चपासून त्या व्हरांड्यात अशी झळ येऊ लागली की पेपरसुद्धा हातात तापायचा. एक एक जण येईनासा झाला. तक्रार कुणी केली नाही. देवळाणकर काका शेवटपर्यंत येत होते. पडेगावला मुलाच्या फ्लॅटवर राहायचे आणि सिटी बसनं यायचे. एक दिवस व्हरांड्यात त्यांना भोवळ आली. त्यानंतर तेही आले नाहीत.

तेव्हा वन्संनी घरपोच सेवा काढली. वाचनालयात येऊ न शकणाऱ्या ज्येष्ठांना घरी पुस्तकं. अध्यक्षांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी पेपरात फोटो छापून आणला. फोटोत वन्सं पुस्तक देताना आणि एक आजोबा घेताना. दोघांचेही चेहरे वाईट बातमी ऐकल्यासारखे.

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले होते. माझ्या शिकवण्या नव्हत्या त्या दिवशी. काकांच्या सुनेनं दार उघडलं. गोड मुलगी. दारातच म्हणाली, "मॅडम, तुमचे किती आभार मानू! यांचं बसनं जाणं म्हणजे आमच्या जिवाला घोर होता. आता बाहेर पडायचं कामच नाही." आत काका पलंगाच्या कडेला बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पँट, पट्टा, पायात बूट. घरात, पलंगावर, बूट. वन्संनी पिशवीतून पुस्तक काढून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि उशाशी ठेवलं. तिथं आधीची दोन होती.

"वाचलं नाहीत?" वन्संनी विचारलं.

"वाचतो ना. वाचायला काय," काका म्हणाले. मग सून आत चहा टाकायला गेली आहे हे बघून ते पुढं वाकले. वन्संशी बोलताना लोक वाकायचेच, पण या वेळी तेच हळू बोलत होते. "बाई, राग मानू नका. पुस्तकं इथं कपाटातही आहेत. मला घराबाहेर पडायला कारण होतं हो. ‘वाचनालयात जातो’ म्हटलं की कुणी अडवत नव्हतं. आता कुठं जातो म्हणू? पुस्तक तर घरी येतंय."

चहा आला. वन्संनी घेतला. बिस्किटंही घेतली. परतताना रिक्षात त्या रिकाम्या पिशवीची घडी घालत बसल्या, उलगडायच्या, पुन्हा घालायच्या. छावणीचा चौक आला तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्या म्हणाल्या, "मीच बाहेर काढलं त्यांना, आणि मीच आत कोंडलं. दोन्ही वेळा लोकांनी माझं कौतुक केलं." रिक्षाच्या आवाजातसुद्धा मला ते नीट ऐकू आलं.

पुढचा पराक्रम आमच्या वन्संशिवाय कुणाला सुचला नसता. घरपोच सेवेची पुस्तकं एरवी फिरत्या गाडीतून जायची. वन्संनी पुस्तकं पोचवायचं थांबवलं आणि माणसं उचलायला सुरुवात केली. रउफभाई गडबडले. "मॅडम, गाडी तो किताबों की है. इन लोगां को कां बिठाऊं?" "पुस्तकांच्या मध्ये," वन्सं म्हणाल्या. गाडीत कपाटांमध्ये एक बाक टाकला. सकाळी गाडी निघायची, काझीसाहेबांना घ्यायची, अजून दोघातिघांना घ्यायची, पडेगावला देवळाणकर काकांना घ्यायची आणि त्या पाण्याच्या टाकीजवळच्या रिकाम्या खोलीत सगळ्यांना सोडून पुढं जायची. परतताना पुन्हा घरोघर. वर्तमानपत्रं वन्संनी तिथं चालू केली. ज्या शाखेत एका सासूशिवाय कुणी येत नव्हतं, तिथं मधल्या पानावरून भांडणं सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, "बघा, पडेगाव शाखा कशी उचलली!" उचललीच होती, शब्दशः.

म्हाताऱ्यांना चटक लागली. पडेगावला उतरायच्याऐवजी ते गाडीतच बसून राहायला लागले. गाडीबरोबर दौलताबादपर्यंत जायचं, रउफभाई गावात पुस्तकं देतात तोवर रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घ्यायचा, पेरू विकत घ्यायचे. दात एकाच्याही तोंडात धड नाहीत. पेरू नुसते हातात धरून हुंगत बसायचे. वाटेत गचका बसला की कपाटातलं एखादं जाड पुस्तक कुणाच्या तरी मांडीवर पडायचं आणि काझीसाहेब म्हणायचे, "लो, आज का सबक!" एकदा रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला. गाडी थांबली. ती लाल पुस्तकवाली बाई खिडकीशी येऊन आत डोकावली आणि म्हणाली, "अगं माय, आता मान्संबी वाचाया देता का?"

हे वन्सं घरी येऊन मला सांगायच्या. जेवताना घास हातात राहायचा. मी त्यांना खळखळून हसताना त्याच दिवसांत पाहिलं. आवाज तेव्हाही नव्हता, नुसते खांदे हलायचे.

डिसेंबरमध्ये, चांगली थंडी पडली होती तेव्हा, परतताना काका आपल्या इमारतीपाशी गाडीतून उतरायला लागले आणि त्यांचा पाय पायरीवरून सुटला. रउफभाईंनी हात धरला होता, वन्संही मागं होत्या. तरी पडायचे ते पडले. खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा वाचनालयात आला. वाळूजला कंपनीत आहे. रात्रपाळी करून तसाच आला होता, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. रउफभाईंनी मला पुढं सांगितलं ते असं. तो टेबलापाशी उभा राहून ओरडला, "मॅडम, कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे? तुमचं काम पुस्तकं द्यायचं! आमच्या म्हाताऱ्याला गाडीत घालून फिरवायचं नाही! जिवाचं काही झालं असतं म्हणजे?" अभ्यासिकेतली सगळी पोरं दारात आली. त्या इमारतीत इतक्या वर्षांत इतका मोठा आवाज कुणी काढला नव्हता. वन्सं उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या. "काय? मोठ्यानं बोला की!" वन्संनी पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज चढेना. रउफभाई म्हणाले, "मैं बाजू में खडा था, ताई. वो एकीच बात पूछ रै थे, 'काका कसे आहेत?' उसकू सुनाईच नै आया." तो तसाच निघून गेला.

मंडळानं गाडीत माणसं बसवायला बंदी केली. बरोबरच होतं ते, वन्संनीही हरकत घेतली नाही. अध्यक्ष भले होते, त्यांनी प्रकरण वाढवलं नाही, उलट 'घरपोच सेवा पुन्हा जोमानं सुरू करा' म्हणाले. बाक काढून टाकला. पडेगावच्या खोलीत पुन्हा शुकशुकाट झाला.

वन्सं काकांकडं जात राहिल्या. मुलगा घरी नसेल अशी वेळ बघून. मी एकदोनदा गेले. काका अंथरुणाला खिळले होते, पाय वजनाला बांधलेला. वन्सं उशाशी बसून पेपर वाचून दाखवायच्या, निविदा-सूचनांसकट. त्यांचं वाचन काकांना ऐकू येत असेल असं मला वाटत नाही, पण ते ओठ हलवत राहायचे. एक दिवस मध्येच म्हणाले, "बाई, पडलो ते पडलो. तुम्ही तेवढंच धरून बसू नका. दौलताबादपर्यंत गेलो होतो की मी."

वर्षअखेरीचा कार्यक्रम आणि वन्संचा निरोप एकाच दिवशी ठेवला होता. मोठा मांडव. अध्यक्षांनी वर्षभराची कामगिरी वाचून दाखवली. दोन शाखा, फिरती गाडी, अभ्यासिका, मुलांचा गोष्टींचा तास, आणि 'ज्येष्ठांना घरबसल्या ज्ञानाची शिदोरी देणारी घरपोच सेवा'. या शेवटच्या वाक्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. मग वन्संना शाल, श्रीफळ आणि दोन शब्द बोलायची विनंती. त्या माइकपुढं उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. मांडवात काही ऐकू येईना. माइकवाला धावत आला, 'हॅलो, हॅलो' करून, टिचकी मारून गेला. माइक उत्तम होता. मी पहिल्या रांगेत होते म्हणून मला ऐकू आलं. त्या म्हणत होत्या, "घरपोच सेवेला टाळ्या वाजवू नका. त्या लोकांना पुस्तक नको होतं. त्यांना यायला जागा हवी होती. ती होती आपल्याकडं, मी काढून घेतली. पोरांना दिली. पोरांनाही हवीच होती. मला दोन्ही जमलं नाही. तुम्ही बघा जमतंय का." एवढं बोलून त्यांनी नमस्कार केला. सगळ्या मांडवानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले. बाई भावुक झाल्यामुळं बोलता आलं नाही, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं.

देवळाणकर काका पुढं उन्हाळ्यात गेले. फोन मुलानंच केला. आम्ही दोघी गेलो तेव्हा मंडळी स्मशानातून परतली होती. वन्सं त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, रिकाम्या हातानं. तो म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मी फार बोललो." वन्संनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बरोबर बोललात." त्याला ते ऐकू आलं नसावं, कारण तो पुढं वाकला. मग तसाच वाकलेला राहून लहान मुलासारखा रडला. वन्संनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ ठेवला होता देव जाणे.

त्यानंतर वन्सं घरीच असतात. काझीसाहेब कधीमधी फोन करतात. त्यांना ऐकू कमी येतं आणि ह्या कुजबुजतात. पलीकडून 'कुछ सुनाई नै दे रा बाई' येतं, आणि तरी दोघं अर्धाअर्धा तास बोलतात. वाचनालय आता अजून वाढलंय म्हणतात, शहराच्या दुसऱ्या टोकाला सातारा परिसरात नवी शाखा निघाली आहे. अभ्यासिकेतल्या काही पोरांना नोकऱ्या लागल्या; जिन्यात उभ्यानं वाचणारी ती मुलगी पेढे घेऊन घरी आली होती. वन्संनी तिला जवळ बसवून पेढा खाल्ला. मला वाटलं, आता बऱ्या होतील.

पण दिवस फार मोठा असतो. सकाळी माझ्या शिकवणीची मुलं येतात, हे ऑफिसला जातात, आणि वन्सं हॉलमधल्या खुर्चीवर बसून असतात. पुस्तक हातात घेतात, हुंगतात, मिटून ठेवतात. घरात त्या कुणालाच कसली अडचण नाहीत. इतक्या हळू बोलणारं माणूस अडचण कसं होणार? कधी कधी मी स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि त्या तिथं आहेत हे बघून दचकते, आणि मग मलाच कसंतरी होतं.

काल असंच झालं. दुपारच्या शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती, मी फळा पुसत होते. वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, "काय म्हणालात?" त्या थोड्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, "कोथिंबीर आणायची का गं, बाजारातून?"

कोथिंबिरीची जुडी सकाळीच आणलेली, ओट्यावर फडक्यात गुंडाळून ठेवली होती. पाणी प्यायला त्या आत जाऊन आल्या होत्या, त्यांनीही ती पाहिली असणार.

मी फडकं ठेवलं, दारामागची पिशवी घेतली आणि म्हटलं, "आणू की. चला, चपला घाला." छावणीच्या बाजारापर्यंत आम्ही चालतच गेलो. जुड्या बघत बघत गल्लीच्या शेवटापर्यंत गेलो, तिथून परत वळलो, आणि उन्हं कलायला लागली तरी कुठलीच पसंत पडेना.